आत्याने शिवलेले बारा शर्ट

आमच्या आत्यासमोर नवा कपडा घालून जाण्यात धोका असतो. ती आधी तोंड भरून कौतुक करते, जवळ बोलावते, बाहीची कड उलटी करून बघते आणि आपण "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिथला एक धागा ओढून मोकळी होते. मग तो धागा चिमट्यात धरायचा, पाण्याच्या वाटीवर न्यायचा आणि काडी ओढायची. जळक्या कागदाचा वास आला आणि चिमूटभर मऊ राख खाली पडली, तर कपडा सुती. केस जळल्याचा वास आला आणि ज्योत आपणहून विझली, तर लोकर. पण धागा आक्रसत गेला, त्याने काळा धूर सोडला आणि टोकाला एक टणक मणी धरला, की आत्याचा चेहरा खुलतो. "प्लास्टिक!" ती जाहीर करते. "सुती म्हणून गळ्यात मारलं तुझ्या." माणूस हिरमुसतो. त्याने ते विचारलेलंच नसतं.

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात तिने नवऱ्यामुलाच्या कोटाचा धागा ओढला होता. मांडवात, सगळ्यांसमोर. कोट लोकरीचा निघाला म्हणून लग्न सुरळीत पार पडलं, असं माझे वडील अजून म्हणतात.

आत्या शिवणकाम करते. तिचं दुकान बेकरी आणि दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना यांच्या मधोमध आहे, त्यामुळे तिच्याकडे टाकलेल्या कपड्यांना अर्धा वास पावाचा आणि अर्धा लवंगतेलाचा येतो. आत दोन मशीन, एक लांब टेबल, इस्त्री, भिंतीवर खिळ्यांच्या रांगेत रंगीत रिळं. कोपऱ्यात एक छोटं टेबल, त्यावर दिवा आणि दिव्याखाली आतोबा. आतोबा घड्याळं दुरुस्त करतात. ते फार बोलत नाहीत. बोलायची सगळी जागा आत्याने आधीच घेतलेली असते. मागच्या खिडकीतून डोंगर दिसतो. वर्षातले आठ महिने तो हिरवा आणि देखणा असतो. उरलेले चार महिने तो वाळलेल्या गवताचा एक मोठा ढीग असतो आणि आम्ही सगळे त्याच्याकडे जरा वाकड्या नजरेने बघतो.

आत्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती कधी चुकत नाही. म्हणजे चुकते, पण मान्य करत नाही, आणि तिच्या मते या दोन्हींत काही फरक नाही. एकदा एका गिऱ्हाइकाच्या कोटाची डावी बाही बोटभर लांब झाली. आत्याने त्याला पटवून दिलं की बाही बरोबर आहे, त्याचा डावा हातच आखूड आहे. तो बिचारा डॉक्टरांकडे जाऊन दोन्ही हात मोजून आला. डॉक्टर म्हणाले, सारखेच आहेत. आत्या म्हणाली, "डॉक्टरांना टेप धरता येते का?" एकतीस वर्षांच्या संसारात "माझं चुकलं" हे दोन शब्द तिच्या तोंडून एकदाही ऐकलेले नाहीत, असं आतोबांनी मला एकदा सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे. हवामानाची बातमी सांगावी तसं.

गेल्या उन्हाळ्यात वणवा पाण्याच्या टाकीपर्यंत खाली आला होता. म्हणून यंदा गावातल्या बारा जणांनी मिळून एक पथक काढलं. त्यात बेकरीवाला होता, बस ड्रायव्हर होता, हेडमास्तर, दातांचे डॉक्टर, आतोबा, मी आणि आणखी सहाजण. मी पोस्टात शिक्के मारते. बारापैकी आग विझवण्याचा अनुभव असलेला एकच, बेकरीवाला, आणि तोही स्वतःच्याच भट्टीचा. आग विझवायला वनखात्याची तयार माणसं होतीच. आमचं काम त्यांच्या मागे. डोंगराच्या कडेने गवत कापून जो उघडा पट्टा काढतात त्याला जाळपट्टा म्हणतात. आग येऊन तिथे थांबावी अशी अपेक्षा असते. त्या पट्ट्यावर उडून पडणाऱ्या ठिणग्या दांड्याला जाड रबर लावलेल्या झोडप्याने आपटून विझवायच्या, पाणी वाहायचं आणि वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना खाली आणायचं.

वनाधिकारी बाई वयाने माझ्याएवढ्या, बोलायला मोजक्या. त्यांनी सांगितलं, "वणव्याजवळ जे घालून जाणार आहात, तेच घालून रविवारी शाळेच्या हॉलमध्ये या." कापड ओळखणारं माणूस हवं म्हणून त्यांनी आत्यालाही बोलावलं. बोलावताना त्यांना तिची पुरती माहिती नसावी.

रविवारी हॉलमध्ये जो मेळा जमला तो बघून मला रविवारची झोप मोडल्याचं सार्थक वाटलं. बेकरीवाला जाडजूड रबरी रेनकोट घालून आला होता, पायात गमबूट, आणि एप्रिलच्या उन्हात नखशिखांत निथळत होता. "पाऊस कुठे लागला तुला?" आत्याने विचारलं. बस ड्रायव्हरने पळायला बरं म्हणून चकचकीत ट्रॅकसूट चढवला होता. हेडमास्तर सुती सदऱ्यात आले होते, पण येताना त्यांनी दोन बादल्या पाणी अंगावर ओतून घेतलं होतं. ते जातील तिथे तळं साचत होतं आणि चेहऱ्यावर शाळेत पहिला आल्याचा भाव होता.

"ओला कपडा जळत नाही," त्यांनी आम्हा सगळ्यांना समजावलं.

"खरं आहे सर," वनाधिकारी बाई म्हणाल्या. "पण त्यातलं पाणी तापतं. त्याची वाफ होते आणि ती वाफ तुमच्या अंगालाच लागते. कोरडा सदरा घालून या."

हेडमास्तर खिडकीजवळ उन्हात जाऊन उभे राहिले.

दातांच्या डॉक्टरांनी शहरातून खास जॅकेट मागवलं होतं. नारिंगी, चमकत्या पट्ट्यांचं, सतरा खिशांचं. ते घालून ते हॉलच्या मधोमध असे उभे होते की आता वणव्यानेच माघार घ्यावी. आत्या त्यांच्याभोवती एक चक्कर मारून आली. "छान आहे हो," ती म्हणाली. मी डोळे मिटून घेतले. पुढचं मला माहीत होतं.

"अहो, नवीन आहे!" डॉक्टर ओरडले, पण धागा केव्हाच निघाला होता. वाटी, चिमटा, काडी. धागा पेटला, वितळला आणि त्याचा एक जळता थेंब टपकन पाण्यात पडला. चर्र आवाज झाला. 

"हा वाटीत पडला," आत्या म्हणाली. "दंडावर पडला असता तर पुसायला जाऊ नका. कातडीसकट येतो."

डॉक्टरांनी जॅकेट काढलं आणि घडी करून खुर्चीखाली सरकवलं. वनाधिकारी बाईंनी आत्याकडे आदराने बघितलं आणि मग म्हणाल्या, "ताई, ती काडेपेटी तेवढी उन्हाळाभर घरातच ठेवा. मला वणव्यापेक्षा तिची जास्त भीती वाटते."

मी आपली निश्चिंत होते. जाड सुती शर्ट, जाड सुती पँट, चामड्याचे बूट. आत्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं, मान डोलावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आणि आतलं?"

"आत्या!"

"आगीला लाज वाटत नाही. सुती आहे का नायलॉन?"

मी शर्टाची कॉलर उगाच सारखी केली. पण दुसऱ्या दिवशी गुपचूप सुती विकत आणलं, आणि मला वाटतं, हॉलमधल्या निम्म्या लोकांनी तेच केलं, कारण त्या आठवड्यात दुकानात सुती बनियन मिळत नव्हते.

त्यानंतर वनाधिकारी बाईंनी नियम सांगितले आणि आत्याने त्या प्रत्येक नियमाला शेपूट जोडलं. अंग पूर्ण झाकलेलं हवं, बाह्या मनगटापर्यंत. कपडा जाड हवा आणि सैल हवा, म्हणजे अंग आणि कापड यांच्या मध्ये हवा राहते. ("पोट आत ओढून माप द्यायचं नाही," आत्या माझ्याकडे बघत म्हणाली.) पँट बुटाच्या बाहेर, आत खोचायची नाही, आणि तिला खाली दुमड नको, कारण ठिणगी दुमडीत जाऊन बसते. हातमोजे चामड्याचे. डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर हेल्मेट. "आणि एक नीट ऐका," बाई म्हणाल्या. "आमच्या माणसांचे कपडे खास प्रक्रिया केलेले असतात, तुमचे साधे सुती. हे घालून आगीत जायचं नाही. सुती कपडा अंगावर वितळत नाही, एवढंच. तो तुम्हाला मागे सरकायला वेळ देतो. शूर बनवत नाही."

पंधरा दिवसांनी खात्याकडून खोकी आली. बूट आले, हातमोजे आले, पँटी आल्या, हेल्मेटं आणि चष्मे आले. शर्ट आले नाहीत. शर्टांच्या जागी एक पत्र आलं, त्यात शर्ट येत आहेत असं लिहिलं होतं. पोस्टात नोकरी करत असल्यामुळे 'येत आहे' याचा अर्थ मला पक्का कळतो.

"मी शिवते," आत्या म्हणाली.

नऊ दिवस ती मशीनवरून उठली नाही. जाड खाकी ड्रिलचा अख्खा तागा आणला, पण आणण्याआधी त्याच्या चार कोपऱ्यांचे चार धागे जाळून बघितले. कॉलर उंच केली. खिशांना झाकण दिलं, ठिणगी आत जाऊ नये म्हणून. प्लास्टिकची बटणं दुकानात ठेवायचीसुद्धा नाहीत म्हणून डबा माळ्यावर टाकला आणि पितळी बटणं लावली. मग पितळ तापेल असं लक्षात आल्यावर प्रत्येक बटणामागे कापडाची पट्टी घातली. कॉलरवर नेहमी लावते ती दुकानाच्या नावाची चकचकीत चिठ्ठीही तिने जाळून बघितली, आणि मणी झाल्यावर बाराही शर्टांना लावायची नाही असं ठरवलं. माणसाने जेवढा विचार करावा त्याच्या दुप्पट तिने केला. आत घालायला प्रत्येकाने घरातला लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर आणायचा, असं फर्मानही काढलं. एप्रिलमध्ये. आतोबांनी तो घालून बघितला, एकदा खाजवलं आणि घड्याळात डोकं घातलं.

तिच्या शिवणीबद्दल गावात दोन मतं नाहीत. तिने शिवलेला कपडा फाटतो, विरतो, रंग उडतो, पण शिवण जागची हलत नाही. त्यामागे तिची एक युक्ती आहे. ती मशीनला सगळ्यात चिवट दोरा लावते, शिवण दुहेरी मारते आणि शेवटी दोऱ्याच्या टोकाला काडीचा हलका चटका देते. टोकाला बारीक गाठ धरते आणि ते टोक पुन्हा सुटत नाही. हे तिने मी दहा वर्षांची असताना मला शिकवलं होतं आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून दम दिला होता. मी कुणाला सांगितलं नाही. मला त्यात सांगण्यासारखं काही दिसलंच नव्हतं.

शर्ट तयार झाले. बाराजणांनी घातले. फोटो निघाला. माझा मात्र मुंढ्यात दाटत होता, म्हणजे बाही खांद्याला जोडतात तिथे, कारण माप देताना मी पोट आणि सोबत सगळंच आत ओढलं होतं. आत्याने तो उसवून ठेवला आणि म्हणाली, "दोन दिवसांनी ये."

दोन दिवसांनी, सकाळी नऊच्या सुमाराला, भोंगा वाजला.

डोंगराच्या वरच्या अंगाला धूर होता. पथक निघालं. शर्ट नाही म्हणून मला वनाधिकारी बाईंनी बरोबर घेतलं नाही, आणि मी आत्याच्या दुकानात येऊन तिच्यावर डाफरायला लागले. "लवकर कर ना! सगळे गेले. आतोबा गेले. मी एकटीच इथे."

"पोट आत ओढताना कुणी सांगितलं होतं?" आत्या मशीन चालवत म्हणाली. मशीन थांबलं. तिने शर्ट उलटा केला, दोरा कापला, काडी ओढली आणि टोकाला चटका दिला.

टोक आक्रसलं. काळं झालं. त्याचा बारीक, टणक मणी झाला.

आत्या फुंकर मारायला ओठ पुढे करून तशीच थांबली. काडी बोटाशी येऊन विझली तरी तिला कळलं नाही. मग तिने मशीनवरच्या रिळातून वीतभर दोरा ओढला, वाटीवर धरला आणि पेटवला. काळा धूर, जळता थेंब, चर्र. तिने खिळ्यावरचं दुसरं रीळ काढलं. तिसरं काढलं. मी काहीतरी विचारत होते, तिचं लक्ष नव्हतं. एकतीस वर्षं ती दिवसातून पन्नास वेळा त्या दोऱ्याला काडी लावत होती आणि तो मणी बघत होती. तो मणी बघून लोकांच्या कपड्यांना नावं ठेवत होती. पण स्वतःच्या दोऱ्याचा मणी तिच्या लेखी कसोटी नव्हता, ती तिची युक्ती होती.

"शर्ट सुती आहेत," ती शेवटी म्हणाली. आवाज तिचा वाटेना. "पण त्यांना धरून ठेवलंय ते प्लास्टिकनं."

"आत्या, दोरा तो केवढा असतो!"

"खांद्यापासून मनगटापर्यंत असतो. तेवढी रेघ अंगाला भाजते. आणि दोरा गेला की बाही गळते. मग खाली काय? उघडा हात." ती उठून उभी राहिली. "अकरा जण आहेत गं वर."

 मघाशी राहून गेले म्हणून मी भांडत होते आणि आता स्कूटरची किल्ली शोधत धावले. स्कूटरवर आत्या मागे बसली. एरवी ती मागे बसली की वळणावळणाला मला गाडी चालवायला शिकवते. त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली.

वरच्या रस्त्यावर अडथळा टाकला होता. बेकरीवाल्याचा गुडघा दुखतो म्हणून त्याला तिथे पहाऱ्याला बसवला होता, त्यामुळे वर दहाच जण होते. तो आम्हाला बघून उठला, आत्याच्या कामाच्या झग्याकडे त्याची नजर गेली आणि गेल्या महिन्याचा रेनकोट त्याला आठवला असावा.

"हे सुती दिसत नाही," तो मिशीत हसत म्हणाला.

"नाही," आत्या म्हणाली. "इस्त्री करावी लागत नाही म्हणून घेतला. बाई कुठे आहेत?"

बेकरीवाल्याचं हसू मावळलं. आत्याने वाद न घालता काही मान्य केलं म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय, हे त्याला सांगावं लागलं नाही. अडथळ्याच्या अलीकडेच वनखात्याची जीप उभी होती. त्याने हात धरून आम्हाला तिथवर नेलं आणि जाता जाता मी दोऱ्याचं सांगताच स्वतःच्या अंगातला शर्ट काढून टाकला.

वनाधिकारी बाईंनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. डोंगराकडे बघितलं. वारा फिरला होता आणि पट्ट्यावर ठिणग्या पडत असल्याचं दुर्बिणीशिवाय दिसत होतं. त्यांनी वॉकीटॉकी उचलला. "गावाचं पथक, खाली या. ताबडतोब."

खरखर झाली आणि आतोबांचा आवाज आला. पथकात सगळ्यात कमी बोलणारा माणूस म्हणून वॉकीटॉकी त्यांच्याकडे दिला होता. "बाई, इथे ठिणग्या पडताहेत. आम्ही विझवतोय. तुमची दुसरी तुकडी येईपर्यंत थांबतो."

"तुमचे कपडे बरोबर नाहीत. खाली या."

"कपड्यांची काळजी नको," आतोबा म्हणाले. "ते आमच्या हिने शिवलेत."

बाईंनी वॉकीटॉकी आत्यापुढे धरला. "माझं ऐकत नाहीत. तुम्ही बोला."

आत्याने तो दोन्ही हातांत धरला. "अहो, खाली या."

"का गं?"

"मी सांगते म्हणून."

"अर्धा तास दे. इथून आम्ही हललो तर वाडीकडे जाईल. ठिणगी अंगावर पडते आणि झटकली की जाते. तुझं काम पक्कं आहे."

मी आत्याकडे बघत होते. तिच्या कपाळावर घाम होता. माणूस डोंगर चढतो तेव्हा त्याचा चेहरा असा होतो. तिने वॉकीटॉकी तोंडाजवळ आणला. मग म्हणाली, "माझं चुकलं."

नुसती खरखर.

"काय म्हणालीस?"

"चुकलं माझं! दोरा प्लास्टिकचा आहे. चुकून नाही लावला, कायम तोच लावते, मी बघितलंच नाही कधी. शिवणी वितळतील. सगळ्यांना घेऊन खाली या, तुमच्या पाया पडते!"

 मग बस ड्रायव्हरचा आवाज आला. "बाई, वॉकीटॉकी कुणाच्या हातात आहे? ही आत्या नाही. दुसरंच कुणीतरी बोलतंय."

"अरे मेल्या!" आत्या कडाडली. "तुझी पँट तीनदा सैल करून दिली आणि लोकांना सांगतोस धुण्यात आटली म्हणून! खाली ये!"

"आत्याच आहे," बस ड्रायव्हर म्हणाला. "चला रे."

दहा मिनिटांत ते उतरायला लागले. खात्याची दुसरी तुकडी त्यांच्या जागी वर गेली. आत्या अडथळ्याशी उभी राहून एकेकाला हात लावत मोजत होती. हेडमास्तर आले. त्यांच्या बाहीला दोन भोकं, पण कापडाला. डॉक्टर आले. बस ड्रायव्हर आला आणि तिच्या तोंडाकडे बघून बाजूला झाला. नऊ झाले. आतोबा नव्हते. आत्याने माझं मनगट धरलं. तिची बोटं गार पडली होती. रस्त्यावर धूर उतरला होता आणि त्यातून कुणी येताना दिसत नव्हतं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब पाच मिनिटं असतील. मग आतोबा आले, काखेत सगळ्यांनी टाकून दिलेले झोडपे गोळा करून, दुकान बंद करून यावं तसे.

"एवढा वेळ?" ती ओरडली. "एवढा वेळ कशाला?"

"खात्याचे आहेत," ते झोडपे खाली ठेवत म्हणाले.

त्यांच्या उजव्या मुंढ्याशी शिवण चार बोटं उघडी पडली होती. कापड शाबूत होतं. दोराच तेवढा नव्हता, आणि दोन्ही कडांना बारीक काळे मणी ओळीने बसले होते. आत्याने फटीतून बोटं आत घातली. खाली लोकरीचा स्वेटर थोडा करपला होता. त्याच्याखाली कातडी धड होती.

"दुखतंय?"

"नाही."

"खरं सांगा."

"लोकर टोचते," आतोबा म्हणाले.

तेव्हा ती रडली. रस्त्यात उभी राहून, पदर नाही, रुमाल नाही, त्या प्लास्टिकच्या झग्याच्या बाहीला डोळे पुसत, आणि तो झगा पाणी शोषत नव्हता म्हणून आणखी चिडत.

आग विझलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची गरज लागणार होती. दुपारी शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमले, पथक, पथकाच्या घरचे, शेजारीपाजारी, आणि बारा शर्ट उसवायला घेतले. ते उसवेनात. हेडमास्तरांनी तीन ब्लेडं मोडली. बेकरीवाल्याने दातांनी ओढून बघितलं. शेवटी डॉक्टर दवाखान्यातून त्यांची हत्यारं घेऊन आले आणि दुहेरी शिवणीखाली बारीक आकडा घालून एकेक टाका उपटू लागले. "अक्कलदाढ काढायला एवढा जोर लागत नाही," ते म्हणाले. एरवी या बोलण्याने आत्या हातभर फुगली असती. तिने मान वर केली नाही.

गादीवाल्याकडून जाडा सुती दोरा आणला होता आणि दुकानातली दोन्ही मशीनं हॉलमध्ये. तिने त्याचा तुकडा वाटीवर जाळला, राख बोटांनी चुरडून बघितली आणि वाटी सगळ्यांसमोरून फिरवली. तो दोरा मशीनवर दर दोन हातांनी तुटायचा. म्हणून बाकीच्यांचे शर्ट मशीनवर तुटत-जोडत झाले आणि आतोबांचा तिने हाताने शिवला. आतोबा समोरच्या बाकावर बनियनवर बसून राहिले, मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन. शेवटी ती काडी लावायला गेली आणि हात मागे घेतला. नुसती गाठ मारली. मध्यरात्री काम संपलं.

सकाळी निघताना तिने स्वतः आतोबांच्या शर्टाची बटणं लावली. प्रत्येक बटण लावून त्यावरून बोट फिरवलं. मुंढ्याशी हात थांबला.

"जपून हं," ती हळू आवाजात म्हणाली. "शिवण कच्ची आहे."

आतोबांनी मान डोलावली. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी होते. वारा पडला होता, खात्याच्या माणसांनी आग वरच अडवली होती, आमच्या पट्ट्यावर अधूनमधून एखादी ठिणगी यायची. सगळे झोडपा डोक्यावरून आपटत होते. आतोबा मात्र कोपर बरगडीला चिकटवून, मनगटातल्या मनगटात, घड्याळाच्या काट्याला हात लावावा तसे ठिणगी दाबत होते. दुपारपर्यंत त्यांनी हात एकदाही खांद्याच्या वर नेला नाही.

"हात दुखतोय का?" मी विचारलं.

"छे गं."

"मग असे काय करताय?"

त्यांनी खाली गावाकडे बघितलं. तिथून दुकानाचं छप्पर दिसत होतं. "एक टाका जरी तुटलेला दिसला ना तिला," ते म्हणाले, "तर ती पुन्हा मशीनवर बसायची नाही."

 माझा हात झोडपा घेऊन वर गेलेला होता, तो मी हळूच खाली आणला आणि कोपर बरगडीला लावलं.